रोमिओ-ज्युलिएटचं प्रेम खरं की वैरानं पेटवलेलं?

रानजाई:
भाचीच्या कॉलेजात 'रोमिओ अँड ज्युलिएट'मधला एक प्रवेश बसतोय, म्हणून नाटक पुन्हा वाचलं. विशीत ढसाढसा रडले होते. आता राग येतो. रविवारी रात्री भेट, सोमवारी लग्न, गुरुवारी रात्री दोघंही कबरीत! पोरीला चौदा पूर्ण व्हायचीत. आणि हा रोमिओ रविवारी सकाळी रोझलाईन नावाच्या दुसऱ्याच मुलीसाठी झुरत होता. मला विचाराल तर घराण्यांचं वैर नसतं तर महिन्याभरात विसरले असते एकमेकांना. नको म्हटलं की ओढ वाढते, एवढंच.

बांधावरचा:
साफ नाही पटलं. क्रम बघा ना. मेजवानीत हातात हात येतो, चुंबन होतं, तोवर एकमेकांचं नावही माहीत नसतं. कोण कुणाच्या घरातलं ते नंतर कळतं. मग 'नको म्हटल्याची ओढ' आली कुठून? त्या भेटीतल्या पहिल्या चौदा ओळी म्हणजे एक अख्खं सुनीत आहे, आणि ते दोघं मिळून पुरं करतात. रोझलाईनच्या वेळी हा एकटाच बोलत असतो, ती बिचारी रंगमंचावर येतसुद्धा नाही.

रानजाई:
रोझलाईनही कॅप्युलेटांचीच, म्हणजे ज्युलिएटच्याच घराण्यातली भाची, हे विसरू नका! आणि घाई मुद्दाम दाखवलीय. आर्थर ब्रूकच्या 1562 च्या ज्या काव्यावरून कथा घेतली, त्यात मुलगी सोळाची आणि गोष्ट कित्येक महिने चालते. शेक्सपिअरनं वयही कमी केलं, दिवसही. खुद्द ज्युलिएट म्हणते की हे फार अविचारी, फार अचानक होतंय.

कडुनिंब:
म्हणते ना! म्हणजे तिला भान आहे. तिसऱ्या अंकाचा शेवट वाचा. बाप म्हणतो, मी ठरवलेल्या त्या उमरावाशी, पॅरिसशी लग्न कर, नाहीतर रस्त्यावर मर. आई तोंड फिरवते. जिनं दूध पाजलं ती दाईसुद्धा सांगते, पॅरिसच बरा. हो म्हटलं असतं तर सगळं सुरळीत होतं, रोमिओशी झालेल्या लग्नाची आईबापाला खबर नव्हती. ती पोर एकटी उभी राहते. नुसती ओढ असती तर तिथेच विझली असती.

रानजाई:
भाचीचा प्रवेश नेमका तोच आहे. काल ती दाईचं बोलणं संपल्यावर कितीतरी वेळ गप्प उभी राहिली, मग हळूच पुढचं वाक्य म्हणाली. ज्युलिएटबद्दल माझं म्हणणं मागे घेते. रोमिओबद्दल नाही.