मदत हवी आहे : डर्टी बिट पुसल्यावर डिव्हाइसने लिहिलेलं अधूनमधून हरवतंय

धागाकर्ता (बिटकाढू)

नमस्कार मंडळी,

व्हर्च्युअल मशीनचं लाइव्ह मायग्रेशन करतोय, म्हणजे चालू मशीन न थांबवता दुसऱ्या सर्व्हरवर हलवतोय. त्यासाठी मेमरीतली बदललेली पेजेस (मेमरीचे ठरावीक तुकडे) फेरीफेरीने पुन्हा कॉपी करावी लागतात. मशीनला एक एफपीजीए कार्ड (हवं तसं प्रोग्रॅम करता येणाऱ्या चिपचं) व्हीएफआयओने, म्हणजे लिनक्सच्या डिव्हाइस थेट देण्याच्या सोयीने, जोडलंय. गेस्टच्या, म्हणजे त्या व्हर्च्युअल मशीनच्या, सीपीयूने कुठे लिहिलं ते केव्हीएम (लिनक्समधला व्हर्च्युअल मशीन चालवणारा भाग) सांगतं. कार्ड मात्र डीएमएने, म्हणजे सीपीयूला वगळून, परस्पर मेमरीत लिहितं, केव्हीएमला त्याचा पत्ताच नसतो. पेज रीड-ओन्ली करून फॉल्टची (लिहायचा प्रयत्न अडल्याच्या इशाऱ्याची) वाट बघावी, तर आमच्या कार्डाला फॉल्ट झेपत नाही. लिहिणं अडलं की डीएमए सरळ फेल.

डिव्हाइसनेच नोंद ठेवायची सोय व्हीएफआयओमध्ये लिनक्स कर्नल ६.१ पासून आहे, पण ती कार्डात असावी लागते. आमच्यात नाही. आयओएमएमयू (डिव्हाइसचे मेमरी पत्ते बदलून देणारं हार्डवेअर) हाताळायच्या आयओएमएमयूएफडी या कर्नल इंटरफेसमधलं ट्रॅकिंग ६.७ मध्ये आलं आणि आम्ही ६.१ वर अडकलोय (का, त्यावर वेगळा धागा निघेल). म्हणून आयओएमएमयूच्या पेज टेबलात हार्डवेअर जो डर्टी बिट ('या पेजवर लिहिलं गेलंय' ही खूण) लावतं, तो वाचून पुसणारा आयऑक्टल (प्रोग्रॅममधून कर्नलला करायचा कॉल) स्वतःच लिहिला.

दर फेरीला बिट वाचतो, पुसतो, पेज कॉपी करतो. आयओटीएलबी (आयओएमएमयूची पेज टेबलाची कॅश) फ्लश करणं, म्हणजे रिकामी करणं, महाग पडतं म्हणून फ्लश रांगेत टाकलाय, काही मिलिसेकंदांनी एकदम होतो. तीसेक वेळा चालवलं, दोनदा पलीकडे चेकसम जुळला नाही. दोन्ही वेळा एकेकच पेज जुनं राहिलं होतं.

दुसरं म्हणजे, आयऑक्टलने बिटमॅप (दर पेजला एक बिट) द्यावा की बदललेल्या पत्त्यांची यादी? आत्ता बिटमॅप आहे. ६४ जीबीला ४ केबीच्या हिशेबाने २ एमबी होतो. बहुतेक बिट शून्य असतात, ते बघून जीव जळतो.

जुनाड्रायव्हर

फ्लशचीच भानगड आहे. पेज टेबलातला बिट पुसलात, तरी आयओटीएलबीत 'हे पेज आधीच डर्टी आहे' असं पडून असतं. त्यामुळे कार्डाने पुन्हा लिहिलं तरी हार्डवेअर टेबलात बिट लावायला जात नाही. तुमची कॉपी झाली, मग कार्डाने लिहिलं, मग फ्लश झाला, तर मधलं ते लिहिणं कुणाच्याच वहीत नाही.

रांग काढून टाका. पुसणं, फ्लश, मग कॉपी, हा क्रम मोडायचा नाही. फ्लशच्या आधी कार्डाने काही लिहिलं तरी ते कॉपीत येतंच. दर बिटला फ्लश मात्र नको. रेंजभर बिट पुसा, शेवटी एकदाच फ्लश करा आणि तो पूर्ण झाल्यावरच आयऑक्टलमधून परता. आयओएमएमयूएफडीही असंच करतं.

शेवटच्या फेरीत कार्ड थांबवलेलं असतं, तिथे पुसायचीच गरज नाही. नुसतं वाचा. फ्लश वाचतो आणि नेमका डाउनटाइममधला वाचतो. त्यासाठी 'पुसू नको' असा फ्लॅग आत्ताच ठेवा, नंतर इंटरफेसमध्ये घुसडणं जिवावर येतं.

रात्रपाळी

यादीच्या फंदात पडू नका. केव्हीएममध्ये डर्टी रिंग (बदललेल्या पेजेसची मर्यादित यादी) आहे खरी, पण ती भरली की व्हीसीपीयूला (मशीनच्या व्हर्च्युअल सीपीयूला) बाहेर काढून थांबवता येतं. कार्डाला 'थांब रे, वही भरली' कोण सांगणार? बिटमॅपचा आकार ठरलेला असतो, कार्डाने कितीही धिंगाणा घातला तरी. २ एमबीवर कसला जीव जळतो?

त्यापेक्षा मॅपिंग किती मोठ्या पेजचं आहे ते बघा. आयओएमएमयूत २ एमबीचं पेज असेल तर कार्डाने एक बाइट लिहिला तरी ४ केबीची ५१२ पेजेस डर्टी. १ जीबीचं असेल तर २,६२,१४४. मग बिटमॅप कितीही बारीक ठेवा, उपयोग शून्य.

बिटकाढू

दोघांचेही आभार. रांग काढली, रात्रभर लूपमध्ये चालवलं, एकदाही चेकसम चुकला नाही. फेरीचा वेळही विशेष वाढला नाही, उगाच घाबरलो होतो.

रात्रपाळी, तुम्ही म्हणता तसं बघितलं. सगळं मॅपिंग २ एमबीचंच निघालं! आता ट्रॅकिंग सुरू करताना पेजेस फोडावीत, की मॅप करतानाच ४ केबी ठेवावीत? कार्ड चालू असताना टेबल फोडायची हिंमत होत नाहीये.

जुनाड्रायव्हर

मग फोडू नका. ज्या मशीन हलवायच्या आहेत त्यांचं मॅपिंग सुरुवातीपासून ४ केबीचं ठेवा. आयओटीएलबी मिस (कॅशमध्ये पत्ता न सापडणं) वाढतील, तेवढे मोजून बघा आणि आकडे इथे टाका.