लो बीमवर असूनही समोरचे डिपर मारतात. एलईडी बल्ब काढू का?

काजवा:
गाडी दहा वर्षं जुनी. हेडलाइट मिणमिणते वाटायचे म्हणून दोन महिन्यांपूर्वी एच४ हॅलोजन काढून त्याच खोबणीत बसणारे एलईडी बल्ब टाकले. बॉनेटपुढचा रस्ता आता चांदण्यासारखा दिसतो. पण लो बीमवर असलो तरी समोरून येणारा जो तो डिपर मारतो. परवा सिग्नलला एकाने काच खाली करून चांगलंच सुनावलं. सेटिंग करून भागेल का?
शिवाय बाबांना (वय ६६) रात्री समोरच्या दिव्यांचा फार त्रास होतो. पिवळा चष्मा घ्यावा का?

जुना_खटारा:
नुसत्या सेटिंगने भागणार नाही. एच४ जातीच्या हॅलोजन बल्बमध्ये दोन फिलामेंट असतात, एक लो बीमची, एक हाय बीमची. लो बीमच्या फिलामेंटखाली पत्र्याची इवलीशी वाटी असते. ती खाली जाणारा उजेड अडवते, नाहीतर तोच रिफ्लेक्टरवर, म्हणजे बल्बमागच्या आरशावर, आपटून वर उसळला असता. रिफ्लेक्टरचा सगळा आकार त्या फिलामेंटच्या जागेवरून आखलेला असतो. एलईडीची चिप थोडी जरी जाड किंवा पुढे-मागे असली की हिशोब बिघडतो आणि झोत समोरच्याच्या डोळ्यात जातो. झोत खाली वळवलात तर लांबचं दिसणं जाईल, फाकलेला उजेड मात्र तसाच राहील.

खात्री करायची तर सपाट जागी भिंतीपासून १० मीटरवर गाडी उभी करा, लो बीम लावा. उजेडाची वरची कड ठळक दिसायला हवी. हेडलाइटवर १% असा शिक्का असेल तर ती कड दिव्याच्या उंचीपेक्षा १० सेंटीमीटर खाली हवी. गाडीत झोताची उंची बदलायचं चाक असेल तर आधी ० वर ठेवा, डिकी रिकामी करा.

मधली_लेन:
मी तीन वर्षं एलईडी वापरतोय, कोणी हूं की चूं केलं नाही. सगळेच डोळ्यात दिवे मारतात, आपणच साधू का व्हायचं?

जुना_खटारा:
समोरचा दिपला तर तो तुमच्याच अंगावर येणार, म्हणून. ताशी ८० ला गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. बाय द वे, तुमचा हेडलाइट प्रोजेक्टर, म्हणजे पुढे गोल भिंग असलेला आहे का?

मधली_लेन:
हो.

जुना_खटारा:
तरीच. त्यात कड आतला पत्रा पाडतो, म्हणून तुमचं बऱ्यापैकी निभावतंय. रिफ्लेक्टरवाल्याचं नाही निभावणार.

घुबड:
बाबांना पिवळा चष्मा नको. कुठलीही रंगीत काच उजेड खाते, आणि रात्री तोच कमी असतो. २०१९ मध्ये सिम्युलेटरवर झालेल्या एका अभ्यासात पिवळ्या काचांमुळे पादचारी अधिक चांगले दिसतात असं काही आढळलं नाही. वयाबरोबर डोळ्यातलं भिंग धूसर होतं, उजेड आतल्या आत विखुरतो आणि नजरेवर पांढरट पडदा येतो. मोतीबिंदू आहे का, ते आधी तपासा. माझ्या आईचा निम्मा त्रास मात्र पुढच्या काचेच्या आतल्या बाजूला साचलेल्या तेलकट थराचा निघाला! आणि झोत आला की त्याच्याकडे न बघता आपल्या बाजूच्या कडेच्या रेघेवर नजर ठेवायची, एवढं त्यांना सांगा.

जुना_खटारा:
काजवा, हॅलोजन मिणमिणते का होते तेही बघा. जुन्या वायरिंगमध्ये व्होल्टेज गळतं, आणि बल्बला १०% कमी मिळालं तर उजेड जवळपास ३०% घटतो. रिले (बल्बला थेट बॅटरीवरून करंट देणारा स्विच) आणि जाड वायर टाकून घ्या. काच पिवळी पडली असेल तर पॉलिश. १०० वॅटच्या बल्बच्या नादाला लागू नका, होल्डर वितळतात.

काजवा:
काल रात्री भिंतीवर पाहिलं. एका बाजूला एलईडी, दुसऱ्या बाजूला जुना हॅलोजन. हॅलोजनची कड आखल्यासारखी. एलईडीचा नुसता ढग, पार पहिल्या मजल्यापर्यंत! इंजिन चालू ठेवून व्होल्टेज मोजलं: बॅटरीवर १३.८, बल्बपाशी १२.१. रिले टाकतोय. बाबांची डोळ्यांच्या डॉक्टरांकडे वेळही घेतली.

मधली_लेन:
काढलेले एलईडी विकणार का?

जुना_खटारा:
हे एच४ च्या खोबणीचे. तुमच्या प्रोजेक्टरमध्ये बहुधा एच७ ही वेगळी जात असेल. बसणार नाहीत.