मदत हवी आहे: नॅक्सॉसला आईबाबांसोबत, मुक्काम डोंगरातल्या गावात की समुद्राकाठी?

नमस्कार मंडळी. सप्टेंबरमध्ये आईबाबांना घेऊन ग्रीसमधल्या नॅक्सॉस बेटावर सहा दिवस जायचंय. जुलै-ऑगस्टमधला तो जोराचा उत्तरी वारा, मेल्तेमी, तोवर जरा ओसरतो म्हणून हा महिना निवडला. अथेन्सच्या पिरेअस बंदरातून बोटीने जाऊ.

अडलंय ते मुक्कामापाशी. बाबांना गावं बघायची आहेत: संगमरवरी फरसबंदीच्या गल्ल्यांचं अपिरान्थोस, झास डोंगराच्या पायथ्याचं फिलोती, आणि हाल्की, जिथे 1896 पासून सित्रॉनच्या (लिंबाच्या जातीचं एक फळ) पानांचं कित्रोन नावाचं मद्य गाळतात. आईला मात्र पाणी हवं. तिचे गुडघे दुखतात, त्यामुळे आयोस प्रोकोपिओस किंवा प्लाकाची वाळू तिला सोयीची वाटते. हाल्कीत राहून रोज खाली यायचं, की किनाऱ्यावर राहून दोन दिवस गावांना द्यायचे? गाडी मीच चालवणार, आंतरराष्ट्रीय परवाना काढतोय. घाटरस्ते आपल्या वरंध्यासारखे आहेत का? आईला गाडी लागते.

दुसरं म्हणजे जेवण. आई शुद्ध शाकाहारी, अंडंही नाही. तिथे उपवासाच्या पदार्थांना ‘निस्तीसिमो’ म्हणतात असं कळलं, पण त्यांच्या उपवासाला कोळंबी आणि माकूल चालतात! म्हणजे तो शब्द पुरेसा नाही. भात भरलेले टोमॅटो, म्हणजे गेमिस्ता, बिनामांसाचे कुठल्या गावातल्या खानावळीत खात्रीने मिळाले? खोलीत कुकर लावता येईल अशी जागा कोणी घेतली होती का?

आईचा हा पहिलाच परदेश प्रवास आहे, तिला कुठेही अवघडायला होऊ नये असं फार वाटतं. प्रत्यक्ष जाऊन आलेल्यांनी कृपया सविस्तर लिहा.