४ पिनची जागा मोकळी राहिली तरी चालेल

प्रश्न असा होता: ६५ वॉटचा प्रोसेसर (म्हणजे सीपीयू), मदरबोर्डावर त्याला वीज देणाऱ्या ८ आणि ४ पिनांच्या दोन जागा, पण कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायला सीपीयूची ४+४ (दोन तुकडे जोडून ८ पिना) अशी एकच वायर, तर चालेल का? बिनधास्त ८ मध्ये लावा. जास्तीची ४ ओव्हरक्लॉकिंगवाल्यांसाठी, म्हणजे प्रोसेसर ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने पळवणाऱ्यांसाठी असते. एक ८ पिन दोनशे वॉट सहज पेलते.

त्या प्रश्नावर कुणीतरी ग्राफिक्स कार्डची ६+२ वायर तिथे लावा म्हटलंय. कृपया लावू नका! सीपीयूच्या प्लगमध्ये १२ व्होल्टच्या ४ पिना नि ४ ग्राउंड. ग्राफिक्सच्या प्लगमध्ये ३ नि ५, तेही उलट बाजूंना. चौकोनी-गोलसर खाचा जुळत नाहीत ते याचसाठी. जोर लावून बसवली तर थेट शॉर्ट.

मॉड्युलर (सप्लायपासून सुटी होणारी) वायर घ्यायला नाशकात एमजी रोडला गेलात तर सप्लायचं मॉडेल सांगूनच मागा. दुसऱ्या कंपनीची नको, सप्लायकडच्या टोकाची पिनरचना वेगळी असू शकते.