चहातलं कॅफिन : मेयर चाचणीला साका नाही, इमल्शन फुटत नाही

टीवाय_केम_दादर
प्रोजेक्टसाठी चहातून कॅफिन काढतोय. २० ग्रॅम डस्ट चहा, २०० मिलि पाणी, १० ग्रॅम सोडियम कार्बोनेट, १५ मिनिटं उकळी. गाळून, कोमट असतानाच डीसीएम (डायक्लोरोमिथेन, कॅफिन ओढून घेणारं द्रावक) घालून सेपरेटिंग फनेल जोरात हलवलं. मधे तपकिरी फेसाळ थर (इमल्शन) झाला, तासाभरानेही हलला नाही. खाली जेवढं स्वच्छ मिळालं ते उडवून ९० मिलिग्रॅम हिरवट पावडर उरली. तिला मेयर अभिकर्मक (अल्कलॉइड, म्हणजे कॅफिनसारखी वनस्पतींतली नायट्रोजनयुक्त द्रव्यं, ओळखायचं रसायन) लावला तर काहीच नाही, मूळ काढ्याला मात्र पांढरट साका (तळाशी बसणारा गाळ). म्हणजे अल्कलॉइड पाण्यातच राहिलं का? नेहमीच्या आम्ल-बेस पद्धतीने (आम्लाने क्षार करून पाण्यात घ्यायचं, मग बेस घालून परत द्रावकात) परत करू का? जाणकारांनी सांगावं.

विश्लेषक_माटुंगा
पावडर फेकू नका. मेयरला कॅफिन दाद देतच नाही. क्विनीन, स्ट्रिक्नीन, बर्बेरीन लगेच साका देतात, पण प्युरीन गटातली कॅफिन, थिओब्रोमीन ही मंडळी देत नाहीत. काढ्यात दिसलेला साका टॅनिन (चहातली तुरट द्रव्यं) आणि प्रथिनांचा असणार, कच्च्या अर्कात ही फसगत नेहमीची.

आम्ल-बेस पद्धतही इथे कुचकामी. कॅफिन नावाला बेस आहे, त्याच्या संयुग्मी आम्लाचा पीकेए (आकडा जितका कमी, तितका बेस दुबळा) साधारण ०.६. सौम्य आम्लात त्याचा क्षार बनत नाही, त्यामुळे आम्लाने धुतलं तरी ते बहुतांशी डीसीएममध्येच राहतं. कमी दिवसांच्या बाळांना श्वास थांबू नये म्हणून देतात ते कॅफिन सायट्रेटसुद्धा असंच सैल जोडीचं. २० मिलिग्रॅम सायट्रेटमध्ये कॅफिन १० मिलिग्रॅमच असतं, डोस लिहिताना कोणता आकडा ते स्पष्ट करावं लागतं.

ओळख म्युरेक्साइड या रंगाच्या चाचणीने पटवा. चिनीमातीच्या बशीत चिमूटभर पावडर, संहत हायड्रोक्लोरिक आम्लाचे २-३ थेंब, पोटॅशियम क्लोरेटचे दोन-तीन स्फटिक (खलात घोटायचे नाहीत), फ्यूम हूडमध्ये पाण्याच्या वाफेवर कोरडं करा. गार झाल्यावर अमोनियाची वाफ दाखवली की जांभळा रंग येतो. थिओब्रोमीनही हाच रंग देतं, म्हणून सिलिका टीएलसीवर (पातळ थराच्या क्रोमॅटोग्राफीच्या पट्टीवर) शुद्ध कॅफिन शेजारी चालवून २५४ नॅनोमीटरखाली ठिपके जुळवा. यूव्हीची सोय असेल तर पाण्यातलं शिखर २७३ नॅनोमीटरच्या आसपास दिसायला हवं.

फनेल_धरणारा
इमल्शनचं कारण तुमच्या कृतीतच आहे. कार्बोनेटमुळे टॅनिनचे सोडियम क्षार होतात. ते पाण्यात राहतात म्हणून तर कार्बोनेट घालायचं, पण हेच क्षार साबणासारखे वागतात. त्यात डस्ट चहा! बारीक कण गाळणीतून उतरतात आणि थेंबांभोवती बसून फेस टिकवतात. पानाचा चहा घ्या, मलमलीच्या पुरचुंडीत बांधून उकळा, नंतर सेलाइटच्या (गाळण्यासाठीच्या बारीक मातीच्या) थरातून गाळा.

मग काढा १५-२० अंशांपर्यंत गार करा. मे महिन्यात मुंबईच्या नळाचं पाणी त्याला पुरत नाही, बर्फच हवा. डीसीएम ४० अंशांना उकळतं. कोमट काढ्यात ओतलं की फनेलमध्ये दाब साठतो आणि बूच उडतं. दर वेळी ३० मिलि, असं तीनदा. हलवायचं नाही, फनेल आडवं धरून दोन-तीन मिनिटं हळू फिरवायचं आणि मधेमधे नळी वर करून वायू सोडायचा. तरी थर अडकलाच तर १० ग्रॅम मीठ विरघळवा, नाहीतर तेवढाच भाग काचेच्या लोकरीतून गाळा. कार्बोनेटऐवजी कॉस्टिक सोडा घालून उकळू नका, कॅफिनचं वलय फुटून कॅफिडीन होतं. डीसीएम प्रिन्सेस स्ट्रीटवर घ्यायचं असेल तर एमडीसी (मिथिलीन डायक्लोराइड) म्हणून मागा. नायट्राइलच्या पातळ हातमोज्यांतून ते काही मिनिटांत पार जातं, सांडलं की लगेच बदला.

टीवाय_केम_दादर
धन्यवाद! हिरवट रंग कशाने जाईल? आणि २० ग्रॅमला किती यायला हवं?

विश्लेषक_माटुंगा
चहात वजनाच्या २ ते ४ टक्के कॅफिन धरा, म्हणजे ४०० ते ८०० मिलिग्रॅम. कॉलेजच्या बाकावर त्याच्या निम्मं हाती आलं तरी उत्तम. हिरवा रंग क्लोरोफिलच्या अवशेषांचा. पावडर वाळूच्या तव्यावर १६०-१८० अंशांना तापवा, वर बर्फ ठेवलेली काच धरा, पांढऱ्या सुया जमतात. आच वाढवली तर डांबरही वर चढतं.

फनेल_धरणारा
त्याआधी डीसीएमचा थर नीट कोरडा करा. निर्जल सोडियम सल्फेट पाणी धरतं ते डेकाहायड्रेट होऊन, आणि ३२.४ अंशांच्या वर ते हायड्रेट टिकत नाही. बिनएसी प्रयोगशाळेत दुपारी नेमकं हेच आडवं येतं. फ्लास्क बर्फात ठेवा किंवा मॅग्नेशियम सल्फेट वापरा. ओलं राहिलं तर कॅफिन हायड्रेट मिळतं आणि द्रवणांक (शुद्धाचा २३५ ते २३८) घेताना सुरुवातीलाच केशनळीत थेंब दिसतात. नळीचं तोंड मात्र वितळवून बंद करा, नाहीतर नमुना वितळण्याआधीच उडून जाईल.

मेयरचा उरलेला द्रव सिंकमध्ये नको. त्यात पारा आहे, वेगळ्या बाटलीत साठवून लॅब असिस्टंटकडे द्या.