मदत हवी आहे: 'रेझिलियन्स'साठी आयांना कळेल असा मराठी शब्द (सत्तरी-डिचोलीकडच्यांनी जरूर सांगा)

नमस्कार मंडळी,

मी मूळची गोव्यातल्या डिचोलीची, ऑक्युपेशनल थेरपीच्या (रोजची कामं जमावीत म्हणून दिले जाणारे उपचार) पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या इजेमुळे हालचालींवर नीट ताबा नसणं) असलेल्या मुलांच्या आयांची झोप, मनाचं स्वास्थ्य आणि रेझिलियन्स (धक्क्यानंतर पूर्वपदावर येण्याची ताकद) यांचा एकमेकांशी काय संबंध आहे, हा माझ्या प्रबंधाचा विषय. 'तुम्ही तर मुलांचे हातपाय बघता, आईच्या झोपेचं तुम्हाला काय?' असं पुष्कळ जण विचारतात. आमच्या शास्त्रात झोप हाही रोजच्या जगण्यातला एक व्यवहार मानतात. अमेरिकन ऑक्युपेशनल थेरपी संघटनेच्या २००८ च्या आराखड्यात तर 'विश्रांती आणि झोप' असा वेगळा विभागच झाला. आणि आम्ही शिकवलेले व्यायाम घरी शेवटी आईच करून घेते. तिची रात्र मोडली की मुलाचा दिवसही मोडतो.

तीन प्रश्नावल्या वापरते आहे. झोपेसाठी पिट्सबर्गची (० ते २१ गुण, ५ च्या वर गेले की झोप बिघडलेली), ताण-चिंता-नैराश्यासाठी डास-२१, आणि रेझिलियन्ससाठी ब्रीफ रेझिलियन्स स्केल. या शेवटच्या प्रश्नावलीत सहाच वाक्यं आहेत, प्रत्येकापुढे १ ते ५ पैकी एक आकडा गिरवायचा (५ म्हणजे पूर्ण सहमत), आणि माझं घोडं तिथेच अडलंय.

पहिल्या मसुद्यात मी 'सहनशक्ती' हा शब्द घातला होता. तो घेऊन थेरपीच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसलेल्या एका आईला विचारलं. मुलगा मांडीवर, त्याच्या पायाला स्प्लिंट (आधाराची पट्टी), एका हाताने ती त्याची लाळ पुसत होती. वाक्य वाचून म्हणाली, "सोसचेंच पडटा न्हय गो, आनी किदें करप?" आणि सरळ पाचावर गोल केला. तिचे झोपेचे गुण १४ होते. पोराला कूस बदलून द्यायला रात्रीत चार-पाचदा उठते, वर्षानुवर्षं. माझ्या कागदावर मात्र ती भक्कम ठरली! ही मोजणीच खोटी आहे. धक्का बसल्यावर माणूस किती लवकर पूर्वपदावर येतो हे या वाक्यांना विचारायचंय, किती सोसतो हे नाही. त्या दिवशी घरी येईपर्यंत मला चैन नव्हतं.

मग 'लवचिकता' घालून पाहिलं. दुसऱ्या आईने विचारलं, "बाबूच्या पायांची?" थेरपीच्या खोलीत रोज तेच ऐकतात, तिचं काय चुकलं? 'चिवटपणा' म्हटलं की हट्टीपणा वाटतो. 'उभारी' मला आवडतो, पण तो भाषणात शोभतो. 'सावरणं' सगळ्यात जवळचं वाटतं, तरी एकीने त्याचा अर्थ घरात कोणी गेल्यानंतरचं सावरणं असा घेतला. आणि 'कठीण काळ गेल्यावर' असं वाचून ती म्हणाली, "गेलाच नाही तर?" याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

सहापैकी तीन वाक्यं उलटी आहेत, त्यांचे गुण उलटे धरायचे असतात. म्हणजे कुणी घाईत सगळीकडे पाचच गिरवला तर सरासरी बरोबर ३ येते, ना इकडची ना तिकडची. 'मला सावरणं जड जातं' याला 'नाही' म्हणताना आया गोंधळतात, हे समोर बसून पाहिलंय.

झोपेच्या प्रश्नावलीतही एक गाठ आहे. झोप का मोडली त्याची यादी आहे: लघवी, खोकला, थंडी, उकाडा, वाईट स्वप्नं, दुखणं. मुलासाठी उठणं त्यात नाहीच, ते शेवटच्या 'इतर कारण'मध्ये लिहायचं. बहुतेक आया ती ओळ कोरी सोडतात, कारण मुलासाठी उठणं हे त्यांना 'कारण' वाटतच नाही. मी तोंडी आठवण करून द्यावी का? अशा अभ्यासात काम केलेलं कुणी असेल तर सांगा.

लक्षात घ्या, या बायका बोलतात कोंकणी आणि वाचतात मराठी. शब्द दोन्हीकडे चालायला हवा. शब्द बदलला तर नैतिकता समितीकडे पुन्हा कळवावं लागेल, तेवढी तयारी आहे. ज्यांचे डासचे गुण जास्त येतात त्यांना मी त्याच दिवशी डॉक्टरांकडे पाठवते आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर लिहून देते. त्याची काळजी नको.

प्रतिसाद १
ताई, मी सत्तरीत प्राथमिक शाळेत शिकवते. नामाचा हट्ट सोडा, क्रियापदाने सांगा. 'वाईट दिवस आले तरी मी लवकर परत उभी राहते.' आमच्याकडे 'परत उबें रावप' सगळ्यांना कळतं. उलट्या वाक्यांत 'नाही' येऊच देऊ नका. 'मला परत उभं राहायला फार वेळ लागतो' असं लिहा.

धागाकर्ती
बाई, मनापासून आभार. 'फार वेळ लागतो' हे तर मला सुचलंच नव्हतं. एकच शंका: ज्या आईचं मूल उभं राहू शकत नाही, तिच्यापुढे 'उभी राहते' ठेवावं का? सोमवारी दोघीतिघींना विचारते आणि इथेच लिहिते. तोवर आणखी कुणाला काही सुचलं तर सांगा.