प्रति: चिपचं कार्ड असूनही ऑनलाइन फसवणूक का होते?

वर विचारलंय की कार्डावर चिप असताना ऑनलाइन पैसे कसे जातात. कारण सरळ आहे: ऑनलाइन खरेदीत चिप वापरलीच जात नाही.

मशीनमध्ये कार्ड घातलं की चिप आतल्या गुप्त किल्लीने रक्कम, मशीनने दिलेला यादृच्छिक आकडा आणि स्वतःचा व्यवहार-क्रमांक मिळून एक सांकेतिक उत्तर तयार करते. दर व्यवहाराला हा क्रमांक एकने वाढतो, म्हणून जुनं उत्तर चोरून पुन्हा चालत नाही. किल्ली चिपबाहेर येतच नाही. वेबसाइटवर मात्र आपण टाकतो ते १६ आकडे, मुदत आणि मागचे ३ आकडे. नवं कार्ड येईपर्यंत हे बदलत नाहीत. एकदा फुटले की फुटले.

म्हणून कार्डावरची ऑनलाइन व्यवहारांची सोय एरवी बंद ठेवा, लागेल तेव्हाच चालू करा. ओटीपी टाकण्याआधी मेसेजमधली रक्कम आणि दुकानाचं नाव वाचा, हे फार महत्त्वाचं. साइटवर कार्ड साठवायचंच असेल तर टोकन पद्धतीने, म्हणजे खऱ्या क्रमांकाऐवजी बदली क्रमांक साठवून. ते टोकन दुसऱ्या दुकानात निरुपयोगी ठरतं.

आणि चिप वाचली जात नसेल तर लगेच कार्डामागची चुंबकीय पट्टी घासू नका. सोनेरी भाग कोरड्या मऊ कापडाने पुसा, कार्ड पूर्ण आत घाला, मशीन सांगेपर्यंत काढू नका.